टोपी कोणाच्या डोक्यावर, प्रश्न कोणाचा

(करकंब येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



करकंबला वक्त्याला व्यासपीठाच्या आधी बाजार आमटी मिळते. भाकरी चुरून आमटी ओरपलेल्या माणसाने मेंदूवर बोलायचं आणि तशाच माणसांनी ते ऐकायचं, हा संयोजकांचा धाडसी बेत आहे. डोळे जड व्हायला लागले की मेंदूतल्या लहरींचा वेग खरोखरच उतरतो आणि ते आलेखात दिसतं. तेव्हा मधल्या रांगेत कोणी पेंगलं तर मी ते व्याख्यानाचं प्रात्यक्षिक समजेन.

मला दिलेला विषय आहे 'विचारांवर चालणारे संगणक आणि खेळ'. समोर बसलेल्या शाळकरी पोरांचा खरा प्रश्न मघाशी चहाच्या वेळी कळला. हात न लावता, नुसत्या डोक्याने बीजीएमआय खेळता येईल का? त्यांच्या आयांचा प्रश्न जास्त सरळ होता. मग मोबाइल सुटेल, का आणखी चिकटेल? पोरांना जमेल तसं उत्तर देतो. माझ्या मनात मात्र तिसराच प्रश्न आहे आणि तो पुण्याच्या एका खुनाच्या खटल्यातून आला आहे. तिथवर पोचायला जरा वाट चालावी लागेल.

ही विद्या सुरू होते घोड्यावरून पडलेल्या एका तरुणापासून. हान्स बर्गर त्याचं नाव, देश जर्मनी. लष्करी सरावात घोडा उधळला, हा खाली पडला आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचला. त्याच दिवशी दूर घरी त्याच्या बहिणीला भावावर काहीतरी संकट आलंय असं वाटलं आणि वडिलांनी खुशाली विचारणारी तार केली. बर्गरने ती तार आयुष्यभर डोक्यात ठेवली. एका मनातलं दुसऱ्या मनात पोचतं कसं, हे शोधायला तो डॉक्टर झाला. येना शहरात 1924 मध्ये त्याने माणसाच्या मेंदूतल्या विजेचा पहिला आलेख काढला, 1929 मध्ये तो छापला. मनकवडेपणाची किल्ली काही त्याला मिळाली नाही. मिळाला तो ईईजी.

ज्यांच्या घरी कुणाला फिट येतात त्यांना ईईजी सांगायला नको. डॉक्टर बजावतात, केस धुऊन या, तेल लावू नका. आपल्याकडे ही सूचना हमखास मोडली जाते, कारण पोराला दवाखान्यात न्यायचं म्हणून आई त्याचं डोकं आणखीच चोपडून, भांग पाडून आणते. मग ईईजीवाले बिचारे ते तेल पुसत बसतात, कारण डोक्यावर चढवलेल्या टोपीतली धातूची टिकली आणि कातडी यांच्यात तेलाचा थर आला की वीज पोचत नाही. आणि वीज तरी केवढी? डोक्याच्या कातडीवर मिळणारा विजेचा दाब दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट. दहा मायक्रोव्होल्ट म्हणजे टॉर्चच्या एका सेलचा दीड लाखावा हिस्सा. छातीवर ईसीजीत हृदयाचा ठोका साधारण एक मिलिव्होल्टचा दिसतो, म्हणजे त्याच्यापुढे हे काहीच नाही. त्यात भिंतीतल्या वायरींची 50 हर्ट्झची घरघर मिसळते. पापणी लवली तर तिचा झटका मेंदूच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठा. दात चावले की आलेखाची झाडाझुडपं होतात.

कवटीच्या बाहेरून मेंदू ऐकणं म्हणजे आठवडी बाजाराच्या बाहेर, भिंतीपलीकडे उभं राहून बाजार ऐकणं. बाजार भरलाय का उठलाय हे कळतं. लिलावात एकदम गलका झाला तर तोही कळतो. पण आत एका बाईने कोथिंबिरीची जुडी केवढ्याला मागितली आणि बागवानाने काय उत्तर दिलं, हे तिथून कधीच ऐकू येणार नाही. 'मनातलं ओळखणारी टोपी' अशी बातमी वाचाल तेव्हा एवढंच विचारा, की हा माणूस भिंतीच्या आत होता का बाहेर.

आता खेळ. अटारी कंपनीने 1984 मध्येच 'माइंडलिंक' नावाचा कपाळपट्टा तयार केला होता. तो मेंदूचं काहीच वाचत नव्हता. कपाळाचे स्नायू वाचत होता. भुवया उडवून उडवून खेळणाऱ्यांची डोकी दुखायला लागली आणि तो बाजारात आलाच नाही. पुढे 2009 मध्ये मॅटेल कंपनीचा 'माइंडफ्लेक्स' आला. कपाळावर एक टिकली, कानांना चिमटे, समोर पंख्याच्या झोतावर तरंगणारा स्पंजचा चेंडू. लक्ष एकाग्र करा, चेंडू वर जाईल. त्याच वर्षी 'स्टार वॉर्स'च्या नावानेही असंच खेळणं निघालं. दोन्हींत न्यूरोस्काय कंपनीची चिप होती. त्याच वर्षी आलेल्या इमोटिव्ह कंपनीच्या 'इपॉक' टोपीत चौदा टिकल्या होत्या. आता हे लक्ष मोजणं म्हणजे काय? काही लहरी वाढल्या, काही घटल्या, त्यावरून कंपनीने आपल्या सूत्राने काढलेला एक आकडा. सूत्र कंपनीच्या घरात. कपाळाला आठी घातली तरी आकडा बदलतो. मला हे खेळणं आवडतं, पण ध्यानयंत्र म्हणून कोणी ते विकायला आणलं तर मी पैसे देणार नाही.

तेव्हा पोरांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की खेळता येईल, आणि शेजारचा अंगठ्याने खेळणारा पोरगा तुम्हाला पहिल्याच मिनिटात मारून टाकेल. धडधाकट माणसाच्या अंगठ्याशी या टोपीची शर्यत माझ्या हयातीत तरी लागेल असं मला वाटत नाही. मोठ्या कंपन्यांनाही ते उमगलेलं दिसतं. मेटाने 2019 मध्ये सीटीआरएल-लॅब्स ही कंपनी घेतली आणि 2025 मध्ये चष्म्यासोबत मनगटी पट्टा विकायला काढला. तो मनगटातल्या स्नायूंची वीज वाचतो. मेंदूने हाताला धाडलेला निरोप हातापाशीच पकडायचा. मला हा शहाणपणा वाटतो, कारण मनगटावर ना कवटी ना केस.

मग टोपीचा उपयोग कोणाला? ज्याचा अंगठाच चालत नाही त्याला. या भागावर मी जरा रेंगाळणार आहे.

कॅलिफोर्नियातल्या जाक विडाल यांनी 1973 मध्ये मेंदू आणि संगणक थेट जोडण्याची कल्पना रीतसर मांडली. पण सामान्य बुद्धीला पटेल असं यंत्र केलं लॉरेन्स फारवेल आणि इमॅन्युएल डोन्चिन यांनी 1988 मध्ये. त्यांनी मेंदूची एक साधी सवय हेरली. तुम्ही ज्याची वाट पाहताय ते मध्येच कधीतरी समोर आलं, की साधारण 300 मिलिसेकंदांनी डोक्यावरच्या दाबात एक उंचवटा येतो. त्याला पी-300 म्हणतात. पंढरपूरच्या स्टँडवर बसलाय, एकामागून एक एसटी येतायत, टेंभुर्णी, सोलापूर, सांगोला, आणि मधेच करकंबची पाटी दिसते. त्या क्षणी आत जे 'आली' होतं, तेच हे. फारवेल आणि डोन्चिन यांनी पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा सहा बाय सहाचा तक्ता ठेवला. ओळी आणि रकाने कसेही, उलटसुलट क्रमाने चमकवले. तुम्ही फक्त हव्या त्या अक्षरावर नजर ठेवायची आणि ते किती वेळा चमकलं ते मनात मोजायचं. ज्या ओळीला आणि ज्या रकान्याला उंचवटा आला, त्यांच्या छेदावर तुमचं अक्षर. उंचवटा एकदा पाहून ओळखू येत नाही, गोंगाटात बुडलेला असतो. म्हणून पुन्हा पुन्हा चमकवून सरासरी काढायची. त्यांचा वेग पडला मिनिटाला 2.3 अक्षरं.

हेच देवनागरीत करायला निघालं की आपल्या लिपीचा संसार मोठा. स्वर, व्यंजनं, वर काना-मात्रा, अनुस्वार, पाय मोडायला हलन्त. छत्तीस घरांत कसं मावणार? रायपूरच्या एनआयटीमध्ये राहुल चौरसिया, नरेंद्र लोंढे आणि शुभोजित घोष यांनी देवनागरीचा पी-300 तक्ता केला. आठ बाय आठ, चौसष्ट घरं. चुकलेला शब्द दुरुस्त करणारी पद्धतही त्यांनी जोडली. 'करकंब' लिहायला क, र, क, अनुस्वार, ब अशा पाच निवडी लागतात. 1988 च्या वेगाने दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ. 'पंढरपूर'ला सात. ज्याला हात आहेत त्याला हा छळ वाटेल. पण मज्जातंतूंच्या रोगाने ज्याची मान, जीभ, बोटं सगळं गेलंय आणि डोकं मात्र शाबूत आहे, त्याला घरच्यांना 'पाणी' एवढं स्वतः लिहून दाखवता आलं तर दोन मिनिटं काय मोठी? डोळे नीट फिरत असतील तर नजर टिपणारा कॅमेरा याहून वेगवान आणि सोपा पडतो, हेही सांगून ठेवतो. टोपीचा मोह धरून कुणी तो बाजूला ठेवू नये.

आपल्या मराठवाड्यातही काम झालं आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातल्या भारती गवळी आणि सुरेश मेहरोत्रा यांनी प्रियंका अभंग यांच्यासह ईईजी आणि आवाज यांवरून भावना ओळखण्याच्या विषयावर पुस्तक लिहिलं. ते 2016 मध्ये परदेशी प्रकाशनाने काढलं. आपल्या वर्तमानपत्रांत अमेरिकेतल्या न्यूरालिंक कंपनीने मेंदूत तारा बसवलेल्या माकडाला जेवढी जागा मिळाली तेवढी या पुस्तकाला मिळाली असती तर बरं वाटलं असतं.

कवटी उघडून आत तारा बसवण्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. मॅट नेगल या मानेखाली लुळा पडलेल्या तरुणाच्या मेंदूत 2004 मध्ये 96 सुयांची चकती बसवली. तो पडद्यावर 'पाँग' खेळला. त्यानंतर वीस वर्षांनी, जानेवारी 2024 मध्ये, नोलंड आर्बो या तरुणाच्या मेंदूत न्यूरालिंकने 64 धाग्यांवर 1024 टिकल्या बसवल्या. तो बुद्धिबळ खेळला, 'सिव्हिलायझेशन' खेळण्यात रात्र काढली. काही आठवड्यांत बहुतेक धागे जागचे सरकले. सॉफ्टवेअर बदलून काम पुन्हा सुरू झालं. भिंतीच्या आत शिरलं की ऐकू जास्त येतं, यात शंका नाही. पण गळ्याखालचं शरीर हरवलेला माणूसच त्यासाठी कवटी उघडू देईल. बीजीएमआयसाठी कोणी उघडेल असं मला वाटत नाही. खेळायच्या भरात काय काय उघडतील याचा भरवसाही नाही, म्हणून हे विधान मी जपून करतो.

आता पुणे.

जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एमबीए शिकलेल्या एका तरुणीला जन्मठेप दिली. आरोप असा की तिने आधीच्या वाग्दत्त वराला प्रसादातून आर्सेनिक घालून मारलं. इतर पुरावेही न्यायालयासमोर होते. पण निकाल जगभर गाजला तो एका टोपीमुळे. मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तिच्या डोक्यावर 32 टिकल्या बसवल्या होत्या. तिने बोलायचं नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं. तिच्या बाजूने, 'मी' म्हणून, वाक्यं ऐकवली. मी आर्सेनिक विकत घेतलं. मी त्याला अमुक ठिकाणी भेटले. वाक्यागणिक मेंदूचा आलेख निघाला. या तपासाचं नाव बीईओएस. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या संस्थेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ चंपादी रामन मुकुंदन यांनी ती पद्धत तयार केली. दावा असा की घटना नुसती ऐकून माहीत असणं आणि स्वतः अनुभवलेली असणं, यातला फरक यंत्र सांगतं. न्यायालयाने तो दावा स्वीकारला. आलेखावरून असं धरलं की खुनाची ही अनुभवलेली माहिती खुनी माणसाच्याच मेंदूत असू शकते.

परदेशातले मेंदूतज्ज्ञ थक्क झाले, कारण या पद्धतीची स्वतंत्र तपासणी कुणी केलेली नव्हती. त्याच वर्षी निम्हान्सचे तेव्हाचे संचालक डॉ. नागराज यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनेही ही पद्धत शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही, पुरावा म्हणून वापरू नये, असं मत दिलं. म्हणजे जिथे बीज पेरलं गेलं तिथूनच नकार आला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्या तरुणीला जामिनावर सोडलं.

ती दोषी होती की नव्हती यावर मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. मला त्या खोलीत जाऊन बघायचं आहे. आरोप झालेलं माणूस आहे. कानावर वाक्य पडतं, 'मी आर्सेनिक विकत घेतलं'. महिनोन्‌महिने पोलिसांनी, वकिलांनी, शेजाऱ्यांनी हेच ऐकवलेलं. मेंदू दचकेल का नाही? निरपराध माणसाचाही दचकेल. आलेख दचकणं खरं दाखवतो. ते कशामुळे, हे वाक्य लिहिणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. मघाशी अक्षरांच्या तक्त्यात हाच दचका कामाचा होता, कारण तिथे अक्षर कुठलं हवं हे टोपी घालणारा ठरवत होता आणि चुकलं तर पुसत होता. पुण्याच्या प्रकरणात वाक्य दुसऱ्याचं, अर्थही दुसऱ्याचा, आणि पुसायची सोय नाही.

गंमत अशी की तक्ता करणारा फारवेल पुढे गुन्हेतपासाकडेच वळला. 'ब्रेन फिंगरप्रिंटिंग' हे त्याचंच, आणि ते पी-300 वरच उभं आहे. मुकुंदन यांची पद्धत त्याहून वेगळी आणि तिचा दावाही मोठा. पण टोपी तीच.

तुम्ही म्हणाल, आम्ही काही खून करत नाही, खेळाशी याचा काय संबंध? संबंध 2012 मध्ये दाखवला गेला. इव्हान मार्टिनोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुकानात मिळणारी इमोटिव्हची तीच खेळाची टोपी घेतली. 28 जणांना ती घातली आणि पडद्यावर भराभर चित्रं दाखवली. बँकांची कार्डं, आकडे, चेहरे, नकाशे. आपल्या बँकेचं कार्ड दिसलं की मेंदूत 'आली' होतंच. त्यावरून कुणाची बँक कुठली, पिनचा पहिला आकडा कोणता, याचा अंदाज बांधता आला. अचूक नाही. नुसत्या आंधळ्या अंदाजापेक्षा 15 ते 40 टक्क्यांनी अनिश्चितता कमी झाली, एवढंच. पण खेळ रोज खेळला जातो, महिनोन्‌महिने. खेळात कुठलं चित्र कधी चमकवायचं हे खेळ करणारा ठरवतो. म्हणजे प्रश्न तोच विचारतो, आणि खेळणाऱ्याला आपल्याला प्रश्न विचारला गेला हे कळतसुद्धा नाही. माझा तिसरा प्रश्न तो हाच: टोपी आपल्या डोक्यावर असेल, तेव्हा प्रश्न कोणाचा?

चीनमध्ये तर शाळेने विचारून पाहिलं. जिनहुआ इथल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळाला ब्रेनको कंपनीचे पट्टे बांधले. लक्ष असेल तर लाल दिवा, भटकलं तर निळा. आकडे शिक्षकांकडे, पालकांकडे. 2019 मध्ये त्याचे व्हिडिओ पसरले, ओरड झाली आणि वापर थांबवला गेला. मला त्या पोरांचं वाईट वाटतं, कारण गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघण्याचा हक्क आमच्या पिढीने बिनदिक्कत वापरला.

आपल्याकडे कायदा कुठे आहे? सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूचा तपास माणसाच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडलं न जाण्याचा घटनेच्या विसाव्या कलमातला हक्क तिथपर्यंत पोचला. स्वेच्छेने तपास करून घ्यायचा असला तरी वकील मिळाला पाहिजे, पोलिसांनी आणि वकिलाने परिणाम समजावून सांगितले पाहिजेत, संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदली पाहिजे. खुनाच्या आरोपीला एवढं संरक्षण. आणि टोपी घालून खेळणाऱ्या पोराची संमती म्हणजे इंग्रजीतली वीस पानं सरकवून खाली दाबलेलं एक बटण.

चिलीने 2021 मध्ये घटनाच दुरुस्त करून मेंदूतल्या माहितीला संरक्षण दिलं. तिथले माजी सिनेटर गिदो गिरार्दी यांनी इमोटिव्हचं यंत्र घेतलं होतं. त्यांच्या मेंदूच्या नोंदी कंपनीने पुसाव्यात असा आदेश तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये दिला. आपला डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदाही 2023 चाच. त्यात मेंदूच्या माहितीला वेगळं घर नाही. पण एक कलम पालकांनी पाठ करावं असं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवता येत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम आले, ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत. त्या नियमांत शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती पाळतीची सवलत ठेवली आहे. जिनहुआच्या पट्ट्याला जी फट लागली असती ती नेमकी हीच.

त्यामुळे एखाद्या जूनमध्ये शाळेच्या दारात कोणी 'एकाग्रता वाढवणारा' पट्टा घेऊन उभा राहिला, तर शाळा व्यवस्थापन समितीने त्याला खुर्ची द्यावी, चहा द्यावा आणि विचारावं. कच्चा आलेख कुठे साठतो, पंढरपूरच्या संगणकात का परदेशात? आठी घालणारा पोरगा आणि लक्ष देणारा पोरगा तुमचं सूत्र वेगळे ओळखतं का? ओळखत असेल तर आत्ता, आमच्यासमोर करून दाखवा. आणि ज्या आईने नाही म्हटलं, तिचा मुलगा त्याच वर्गात, त्याच बाकावर बसेल ना?

व्याख्यान संपल्यावर बाहेरच्या टेबलावर एका टिकलीचा तसलाच पट्टा आणि एक लॅपटॉप ठेवला आहे. ज्याला बघायचंय त्याने कपाळाला लावून डोळे मिटावेत, रेघ कशी बदलते ते पाहावं. मग दात चावून बघावं, त्याहून जास्त बदलते. लॅपटॉपचं इंटरनेट मी बंद ठेवलं आहे आणि नोंदी रात्री निघण्याआधी तुमच्यादेखत पुसणार आहे.